आमच्या आईला दोन डोळे आहेत: क्लेमवाल्यांना कोल्हापुरातून खुलं पत्र

प्रति,
आरोग्य विमा कंपन्यांचे क्लेम विभाग, टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थांमध्ये, बसणारे सगळे मेडिकल ऑफिसर, आणि जाता जाता आमच्या कोल्हापुरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यांचे बिलिंग काउंटरवाले,

नमस्कार.

आमच्या आईला दोन डोळे आहेत. एक उजवा, एक डावा. हे मी तुम्हाला आधी मेलवर कळवलंय, मग डॉक्टरांच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट कळवलंय, आता तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर लिहिते म्हणजे फाईलला कुठंतरी लागून राहील.

झालं असं की जानेवारीत आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तीन आठवड्यांनी डाव्याचं. दवाखाना तोच, डॉक्टर तेच, पॅकेज तेच, अडतीस हजार पाचशे. दवाखाना छोटा आहे, कॅशलेस नाही, त्यामुळं पैसे आधी आम्ही भरले आणि मग फाईल पाठवली. पहिली फाईल पास झाली, किरकोळ कापाकापी सोडली तर तक्रार नाही. दुसऱ्या फाईलला दहाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर, "ड्युप्लिकेट क्लेम, सेम प्रोसिजर ऑलरेडी सेटल्ड." बास. एवढंच. खाली कुणाची सही नाही, नाव नाही, फक्त एक टोल फ्री नंबर, ज्याच्यावर फोन केला की आधी गाणं ऐकायचं आणि मग परत पहिल्यापासून पॉलिसी नंबर सांगायचा.

आईला मी ते वाचून दाखवलं. ती चुलीजवळ, म्हणजे गॅसजवळच, पण आमच्यात अजून चूलच म्हणतात, तिथं काळा चष्मा लावून बसलेली. म्हणाली, "म्हणजे माझा दुसरा डोळा त्यास्नी दिसंना व्हय? माझा मोतीबिंदू निघाला, आता त्या साहेबाचा कुठं आहे बघा म्हणावं."

आता मला हसू आलं नाही, ह्याचं कारण सांगते. माझी नोकरीच ही आहे. मी रात्री सात ते पहाटे चार अमेरिकेतल्या डोळ्यांच्या क्लिनिकची बिलं कोड करते, म्हणजे प्रत्येक तपासणीला, ऑपरेशनला ठरलेला नंबर लावते. आधी पुण्याला ऑफिसात जायचे, कोरोनानंतर घरूनच, शिवाजी पेठेतल्या माडीवर बसून. दिवसाला साठ-सत्तर फाईली. त्यातलं निम्मं काम एवढंच की कुठला डोळा, एक का दोन्ही, आणि दोन्ही असतील तर पैसे किती पट. आणि आईच्या दुसऱ्या बिलावर सही करताना ह्याच बाईनं, म्हणजे मी, एकदाही वर-खाली बघितलं नाही. पहाटे चारला झोपून सकाळी नऊला दवाखान्यात गेलेले, डोळे माझेच मिटत होते. ते असो.

रिजेक्शन आल्यावर मात्र मी दोन्ही फाईली शेजारी शेजारी ठेवून बघितल्या आणि खरं सांगायचं तर तुमच्या कॉम्प्युटरची मला जरा दयाच आली. दोन्ही बिलांवर ऑपरेशनची तीच ओळ, "फेको विथ फोल्डेबल आयओएल, नग १", म्हणजे मोतीबिंदू काढून घडीची कृत्रिम लेन्स बसवली. कुठला डोळा ते दोन्हीकडं नाही. डायग्नोसिसच्या जागी दोन्हीकडं "बीई सिनाईल कॅटरॅक्ट", म्हणजे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जे खरंच आहे पण ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं ते त्यातून कळत नाही. आणि दुसरं डिस्चार्ज कार्ड तर पहिल्याचं कॉपी-पेस्ट करून तारीख बदललेली, वर "आरई" तसंच राहिलंय आणि खाली ऑपरेशन नोटमध्ये "एलई". म्हणजे वरून वाचणाऱ्याला उजवा डोळा, खालून वाचणाऱ्याला डावा. तुमच्या माणसानं वरून वाचलं.

पण साहेब, त्याच फाईलमध्ये लेन्सचं स्टिकर पण होतं की. लेन्सच्या डबीवरचं स्टिकर लावल्याशिवाय तुम्ही फाईलच घेत नाही, तशी तुमची चेकलिस्ट आहे. पहिल्या फाईलमध्ये लेन्स २१.५ पॉवरची, दुसऱ्यात २२ ची, दोन्हीचे सिरियल नंबर वेगळे. जिवंत माणसाच्या एका डोळ्यात तीन आठवड्यांत दोन लेन्स कुणी बसवत नाही, आणि कधी बदलायची वेळ आलीच तर त्याची वेगळी भली मोठी नोट असते. स्टिकर मागता, चिकटवून घेता, स्कॅन करता आणि वाचत मात्र नाही, मग ते मागता कशाला?

मला अजून एक गोष्ट लई खटकते. ऑपरेशनच्या दिवशी आईच्या भुवईच्या वर पेनानं बाण काढलेला. सिस्टरनं तीनदा विचारलं, आजी, कुठला डोळा, हात लावून दाखवा. आत टेबलावर घेतल्यावर परत विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ ला ऑपरेशनची सेफ्टी चेकलिस्ट काढली त्यात हेच आहे, भूल द्यायच्या आधी पेशंट कोण, ऑपरेशन काय, जागा कुठली आणि त्यावर खूण केली का. म्हणजे ओटीच्या दारापर्यंत डावा-उजवा हा जीवन-मरणाचा प्रश्न असतो आणि तिथून वीस पावलांवरच्या काउंटरवर आला की त्याचा "नग १" होतो. दसरा चौकातल्या कुठल्याही चष्म्याच्या दुकानात जावा, तिथला पोरगा फुकटात नंबर काढून चिठ्ठी देतो, त्या चिठ्ठीवर पण दोन ओळी असतात, वर उजवा खाली डावा, प्रत्येकाचा नंबर वेगळा. अडतीस हजाराच्या बिलाला ती दुसरी ओळ परवडत नाही.

आता अमेरिकेचं सांगते, आणि लगेच कुणी म्हणू नका की आली मोठी अमेरिकावाली. तिथलं बिलिंग म्हणजे स्वर्ग नाही, तिथं रोज हजार कारणांनी डिनायल, म्हणजे क्लेमला नकार, येतात आणि त्याच्यावरच माझं पोट चालतं. पण डोळ्याच्या बाबतीत त्यांनी एक काम डोकं लावून केलंय, त्यांनी हा प्रश्न आधीच विचारून ठेवलाय.

मेडिकेअर म्हणजे तिथली मुख्यतः ६५ च्या वरच्या लोकांची सरकारी विमा योजना. त्यांच्या फी शेड्युलमध्ये प्रत्येक प्रोसिजर कोडच्या समोर एक बारीकसा आकडा असतो, बायलॅटरल इंडिकेटर, म्हणजे दोन्ही बाजूंचे पैसे कसे मोजायचे ते सांगणारा, शून्य, एक, दोन, तीन नाहीतर नऊ. आम्ही नवीन पोरांना शिकवताना हेच आधी पाठ करून घेतो. एक असेल तर दोन्ही बाजू एकाच दिवशी केल्या की दीडशे टक्के पैसे, पहिल्याचे पूर्ण आणि दुसऱ्याचे निम्मे. का निम्मे, तर पेशंटला तयार करणं, टेबल लावणं, नंतरची देखरेख हे सगळं काय दोनदा होत नाही. दोन असेल तर त्या कोडच्या पैशात दोन्ही बाजू आधीच धरल्यात, दुप्पट मागू नका. तीन असेल तर प्रत्येक बाजूचे पूर्ण पैसे. शून्य म्हणजे दीडपटीचा नियम इथं लागत नाही आणि नऊ म्हणजे हा प्रश्नच इथं गैरलागू. मोतीबिंदूचं नेहमीचं ऑपरेशन, कोड ६६९८४, त्याला एक. डोळ्याच्या पडद्याचा फोटो, ९२२५०, त्याला दोन, म्हणजे दोन्ही डोळ्यांचे फोटो काढले तरी पैसे एकदाच, आणि एकाच डोळ्याचा काढला असेल तर उलट कमी काम केलं असं सांगणारा ५२ नंबरचा मॉडिफायर, म्हणजे कोडच्या मागं जोडायची खूण, लावायचा. ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, ९२१३४, त्याच्या तर नावातच लिहिलंय की एक डोळा असो नाहीतर दोन.

मग डोळा सांगायला आरटी म्हणजे उजवा, एलटी म्हणजे डावा, आणि एकाच वेळी दोन्ही असतील तर ५०. पापणीचं काम असेल तर त्याच्याही पुढं, ई१ डावी वरची पापणी, ई२ डावी खालची, ई३ उजवी वरची, ई४ उजवी खालची. चार पापण्यांना चार वेगळी नावं ठेवलीत त्यांनी, आणि आपल्याकडं दोन डोळ्यांना दोन नावं मिळेनात.

आता गंमत बघा. आईच्या केसमध्ये तुम्हाला जी शंका आली ना, अगदी तीच शंका मेडिकेअरच्या कॉम्प्युटरला पण येते. तिथं मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या पैशात पुढच्या ९० दिवसांची देखरेख धरलेली असते. त्या ९० दिवसांत त्याच डॉक्टरनं त्याच पेशंटवर परत तेच ऑपरेशन केलं असा क्लेम गेला की मशीन म्हणणारच, हे तर आधीच्या पैशातच आलं. म्हणून दुसऱ्या डोळ्याला दोन मॉडिफायर लागतात, एक बाजूचा, एलटी किंवा आरटी, आणि एक ७९, ज्याचा अर्थ एवढाच की बाबा, ह्या ऑपरेशनचा त्या ऑपरेशनशी संबंध नाही. दुसरा डोळा पंधरा दिवसांनी करा नाहीतर दोन महिन्यांनी करा, ७९ लावला की पूर्ण पैसे. विसरला की डिनायल, की मग माझ्यासारखी कोणतरी पहाटे तीनला बसून तो परत लावते. शंका घ्यायला ना नाहीच, पण शंकेचं उत्तर द्यायला फॉर्मवर जागा पाहिजे. तुमच्याकडं शंका आहे आणि जागा नाही.

थांबा, खरं तर जागा पण आहे. आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, जो ठरलेला क्लेम फॉर्म आहे त्याचा पार्ट बी दवाखान्यानं भरायचा असतो. त्यात आजाराचा आयसीडी-१० कोड, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतला नंबर, लिहायला रकाना आहे आणि त्याच्या शेजारी प्रोसिजरसाठी आयसीडी-१० पीसीएस कोडचा रकाना आहे. हे पीसीएस म्हणजे अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची ऑपरेशनची कोड सिस्टीम, सात अक्षरांचा कोड. उजव्या डोळ्यातली लेन्स काढून कृत्रिम लेन्स बसवली तर ०८आरजे३जेझेड. डाव्या डोळ्याला ०८आरके३जेझेड. चौथ्या जागी जे म्हणजे उजवी लेन्स, के म्हणजे डावी लेन्स. दोन्हीसाठी मिळून अक्षरच ठेवलेलं नाही, दोन केल्या तर दोन कोड लिहा. म्हणजे एका अक्षरात आमच्या घरचा दोन महिन्यांचा ताप वाचला असता. आईच्या पार्ट बीमध्ये तो रकाना दोन्ही वेळा कोरा, आणि आजाराच्या रकान्यात नुसतं एच२५. आता एच२५ म्हणजे म्हातारपणाचा मोतीबिंदू, जगभर चालणाऱ्या मूळ आयसीडी-१० मध्ये त्याला डावा-उजवा नाहीच, ते अमेरिकेनं आपल्या आवृत्तीत घातलं, उदाहरणार्थ लेन्सच्या गाभ्यातल्या मोतीबिंदूला एच२५.११ उजवा, एच२५.१२ डावा, एच२५.१३ दोन्ही. त्यामुळं नुसत्या आजाराच्या कोडवरून आपल्याकडं डोळा कळणार नाही हे मान्य, पण म्हणूनच तर शेजारचा रकाना भरून घ्यायला पाहिजे ना. कोरा फॉर्म तुमच्याकडं येतो, तुम्ही तो तसाच चालवून घेता, आणि मग त्या कोऱ्या जागेचं बिल पेशंटच्या नावावर फाडता.

मी टीपीएच्या नंबरवर एकूण अकरा वेळा फोन केला, वहीत तारखा आहेत. नवव्या वेळी एक मुलगी मराठीत बोलली, बिचारी चांगली होती, म्हणाली मॅडम तुम्ही डॉक्टरांकडून एक लेटर आणा की हे ऑपरेशन दुसऱ्या डोळ्याचं आहे म्हणून. मी म्हटलं ऑपरेशन नोट आहे की फाईलला. म्हणाली हो मॅडम, पण सिस्टीममध्ये आय साईड असं फिल्डच नाहीये, लेटर आलं की आम्ही मॅन्युअली रीओपन करतो. त्या एका वाक्यासाठी मी तिचे आभार मानते, कारण अख्ख्या प्रकरणात खरं कारण तिनंच सांगितलं. मग डॉक्टरांकडं गेले, ते ओपीडीत शंभर पेशंट सोडून लेटर लिहायला बसले, धिस इज टू सर्टिफाय दॅट वगैरे. आईला वाटलं काहीतरी आजाराचं निघालं, तिला समजावून सांगितलं की तुला दोन डोळे असल्याचं सर्टिफिकेट आहे, तर म्हणाली लॅमिनेट करून आण, उद्या रेशनवाला पण मागंल.

पैसे आले. रिजेक्शनपासून सातव्या आठवड्यात. त्याच्यावर मी इथं रडत नाही. पण आमच्या घरात एक मुलगी हेच काम करते म्हणून आले. दवाखान्याच्या बाकड्यावर आमच्या शेजारी गडहिंग्लजवरून एसटीनं आलेली एक म्हातारी बसलेली, सोबत नातू, बारावीतला असेल. त्यांना जर तुम्ही ड्युप्लिकेट म्हणून कळवलं तर ती माणसं फोन पण करणार नाहीत, त्यांना वाटेल एका पॉलिसीत एकच डोळा बसत असेल.

आणि दुसरा डोळा बसत नाही असं कुठं लिहिलेलं नाही. २०२० च्या एप्रिलपासून आयआरडीएआयनं जी आरोग्य संजीवनी नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना विकायला लावली, तिच्यात मोतीबिंदूची मर्यादा स्वच्छ लिहिलीय, विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, ह्यातलं जे कमी असेल ते, दर डोळ्याला, एका पॉलिसी वर्षात. दर डोळ्याला. नियम लिहिणाऱ्याला डोळे दोन असतात हे माहीत होतं. आईची पॉलिसी वेगळी आहे पण तिच्यात पण "पर आय" असंच आहे. चोवीस महिने थांबायची अट असते तीही आम्ही पाळली, दोन वर्षं आई धुरकट बघत भाकरी थापत होती. म्हणजे कायद्यात डोळा आहे, पॉलिसीत डोळा आहे, ओटीत डोळा आहे, मधल्या कॉम्प्युटरमध्येच तेवढा नाही.

आता काउंटरवाल्यांनो, तुम्ही हसू नका, तुमच्याकडंच येत होते.

टीपीएवाले संशय घेतात त्याला कारण तुम्ही पण आहात. आईच्या पहिल्या बिलात बायोमेट्री होती, म्हणजे लेन्सचा नंबर काढायला डोळ्याची लांबी मोजतात ती तपासणी. दोन्ही डोळे त्याच दिवशी मोजले, रिपोर्टच्या एका कागदावर दोन्हीचे आकडे छापलेत. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी मशीनजवळ आईला नेलं पण नाही, तरी बिलात परत बायोमेट्री बाराशे रुपये. मी विचारलं तर काउंटरवरची पोरगी म्हणाली, "मॅडम ते पॅकेजमध्येच येतंय, सिस्टीम आपोआप धरती." परत तीच सिस्टीम. सगळ्यांची सिस्टीम आपोआप काहीतरी धरते आणि काहीतरी सोडते, आणि धरलेलं-सोडलेलं दोन्ही पेशंटच्याच खिशातून जातं.

ह्या बायोमेट्रीचं मेडिकेअरनं काय केलंय ते मला कायम भारी वाटतं म्हणून सांगते. कोड ९२१३६. त्याचे दोन भाग पाडलेत, मशीनचं काम आणि डॉक्टरचं डोकं. मशीनचा भाग दोन्ही डोळ्यांचा मिळून एकच, कारण माणूस एकदा हनुवटी टेकवून बसला की दोन्ही डोळे मोजूनच उठतो. पण डॉक्टरनं त्या आकड्यांवरून लेन्सची पॉवर ठरवायची तो भाग प्रत्येक डोळ्याचा वेगळा, आणि ते ज्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय त्याच डोळ्याचं होतं. म्हणजे दुसऱ्या डोळ्याच्या वेळी फक्त डॉक्टरच्या डोक्याचे पैसे लागतात, मशीनचे नाही. कुणीतरी एकदा मशीनजवळ उभं राहून बघितलं असणार की नक्की काय काय होतं आणि किती वेळा होतं, त्याशिवाय असा नियम सुचत नाही. आपल्याकडं रेटकार्ड करताना असं कोण उभं राहतं काय? ओसीटी पंधराशे, फंडस फोटो आठशे, फील्ड टेस्ट बाराशे, असं दवाखान्याच्या भिंतीवर लावलेलं असतं, पण एका डोळ्याचे का दोन्हीचे? मी तीन दवाखान्यांत विचारून बघितलं. एक म्हणाले दोन्हीचे. एक म्हणाले एकाचे. तिसरे म्हणाले, "मेडिक्लेम आहे काय?"

हे तिसरं उत्तर देणाऱ्यांमुळं टीपीएची सगळी भुतं जागी होतात, बरं का.

आपल्या कोल्हापुरात चप्पल लाईनला जावा. चपलेचा भाव सांगतात तो जोडाचा. कुणाला विचारायला लागत नाही की एका पायाचा काय दोन पायांचा, पिढ्यान्पिढ्या ठरलंय. गुजरीत गेलं तर पाटल्या जोडावर, अंगठी नगावर. एवढ्याशा व्यवहाराला आपल्या बापजाद्यांनी जोड का नग ते ठरवून ठेवलं आणि डोळ्यासारख्या गोष्टीला अजून ठरवायचंय.

गल्लीतल्या काकांचं सांगायचं राहिलं. त्यांना साखर आहे, दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला सूज, महिन्याला दोन्ही डोळ्यांत इंजेक्शन घ्यायला लागतं आणि त्यांना दवाखान्यात न्यायला मुलगा मिरजेहून सुट्टी काढून येतो म्हणून डॉक्टर दोन्ही एकाच दिवशी देतात. बिलावर "इंट्राविट्रियल इंजेक्शन, नग २". तुम्ही एकाचे पैसे दिले आणि दुसऱ्यापुढं लिहिलं, एक्सेस क्वांटिटी. म्हणजे तुम्हाला वाटलं एकाच डोळ्यात दोनदा टोचलं. आयआरडीएआयनं २०१९ मध्ये जे आधुनिक उपचार पॉलिसीतून सरसकट वगळता येणार नाहीत असं सांगितलं त्या यादीत ही डोळ्यातली इंजेक्शनं आहेत, त्यामुळं नाही म्हणता येईना म्हणून अर्धं म्हणालात असं काका म्हणतात. मला तसं वाटत नाही, मला वाटतं परत तेच, डोळ्याचा रकाना नाही. माझ्या टेबलावर असं बिल आलं तर इंजेक्शन टोचायचा कोड ६७०२८, त्याला ५०, आणि औषधाचे युनिट वेगळे मोजायचे. औषध रॅनिबिझुमॅब असेल तर त्याचं एक युनिट म्हणजे ०.१ मिलिग्रॅम, साखरेमुळं आलेल्या सुजेला तिथला डोस ०.३, म्हणजे एका डोळ्याचे तीन युनिट, दोन्हीचे सहा. टोचायची मजुरी दीडपट पण औषध दुप्पट, कारण बाटली काय निम्मी होत नाही. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "अगं हे तर आमच्या गुऱ्हाळावरच्या हिशोबासारखं आहे, मजुरी वेगळी आणि ऊस वेगळा." काकांना पाच मिनिटांत कळलं.

मी मागते ते फार नाही. दवाखान्यांनी बिलाच्या प्रत्येक ओळीत उजवा, डावा नाहीतर दोन्ही एवढं लिहावं, मराठीत लिहिलं तरी चालेल, आणि भिंतीवरच्या रेटकार्डावर प्रत्येक तपासणीपुढं एका डोळ्याचे का दोन्हीचे ते. पार्ट बीमधला प्रोसिजरचा रकाना कोरा असेल तर टीपीएनं फाईल त्याच दिवशी दवाखान्याला परत करावी, पेशंटला रिजेक्शन धाडू नये. तुमच्या सिस्टीममध्ये आय साईडचं एक फिल्ड घालून घ्या, आता नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंजसाठी, म्हणजे सगळ्यांचे क्लेम एकाच सरकारी जाळ्यातून पाठवायच्या व्यवस्थेसाठी, सगळे सॉफ्टवेअर खोलून बसलाच आहात तर ह्याच्यातच होऊन जाईल, नंतर परत दहा वर्षं कोण हात लावणार नाही. आणि जोडीच्या अवयवाला ड्युप्लिकेट म्हणायच्या आधी एका माणसानं ऑपरेशन नोट आणि लेन्सचं स्टिकर डोळ्यांनी बघायचं, मशीननं नाही. तसंही आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणं क्लेम नाकारायचा तर तो कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या नजरेखालून जायला पाहिजे. आईचा कुणाच्या नजरेखालून गेला ते एकदा कळवा, मला खरंच बघायचंय त्या कमिटीत किती डोळे आहेत.

आणि जे वाचणारे आमच्यासारखे पेशंटवाले आहेत त्यांना एवढंच, दवाखान्यातून निघायच्या आधी काउंटरवर उभं राहूनच बिल, डिस्चार्ज कार्ड आणि पार्ट बी तिन्हीवर डोळा एकच लिहिलाय का बघा, लेन्सच्या स्टिकरचा मोबाईलवर फोटो काढा. रिजेक्ट झालं तर कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याला विमा लोकपालांचं ऑफिस आहे, आपला जिल्हा त्यांच्याकडंच येतो, फी नाही, वकील लागत नाही, उत्तर मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायचं. मला तिथंपर्यंत जायला लागलं नाही पण अर्ज लिहून तयार ठेवलेला.

बायोमेट्रीचे बाराशे मी दवाखान्याकडं परत मागितलेत. बघतो म्हणालेत. ते मिळाले तर कंपनीला त्यातला त्यांचा हिस्सा परत करायची माझी तयारी आहे, कुठल्या रकान्यात भरायचा तेवढं सांगा, तुमच्या फॉर्मवर मला तो पण सापडला नाही.

आई आता दोन्ही डोळ्यांनी बघते. परवा पहिल्यांदा माझ्या स्क्रीनजवळ येऊन उभी राहिली, म्हणाली हे काय सारखं आरटी एलटी लिहितीस. सांगितलं. मग बराच वेळ बघत बसली आणि एका फाईलला मी एलटी लावायच्या जागी आरटी लावलेलं तिनंच दाखवलं, इंग्रजी येत नाही तिला, फक्त वरच्या ओळीत आणि खालच्या ओळीत अक्षर वेगळं आहे एवढं दिसलं.

काकांचं पुढचं इंजेक्शन येत्या मंगळवारी आहे, दोन्ही डोळ्यांना. मी सोबत जाणार आहे, बिलावर दोन वेगळ्या ओळी करून घेणार, एक उजव्याची एक डाव्याची, दोन्ही बाटल्यांचे बॅच नंबर लिहून. फाईल बुधवारी कुरिअर करते. तुमच्याकडंच येतीय.

कळावे,
एक कोडर,
शिवाजी पेठ, कोल्हापूर